मधल्या फळीतली हेगे रीसे



फुटबॉल खेळणाऱ्या पाच जणांची नावं सांगा, असं वर्गात विचारलं तर पेले, मॅराडोना, मेस्सी, रोनाल्डो आणि आपला सुनील छेत्री ही नावं धडाधड येतात. पाचही पुरुष, आणि पाचही गोल करण्यासाठी प्रसिद्ध. आता प्रश्न थोडा बदलू. गोल करणाऱ्याच्या पायापर्यंत चेंडू आणून देणाऱ्या एका तरी स्त्री-खेळाडूचं नाव सांगा. इथे बहुतेक वर्ग गप्प होतो. म्हणून या अंकातला क्रीडापाठ अशाच एका खेळाडूवर आहे. तिचं नाव हेगे रीसे. ती नॉर्वेची. आपल्या देशासाठी ती १८८ सामने खेळली आणि तिने ५८ गोल केले. विश्वचषक, ऑलिंपिक आणि युरोपीय अजिंक्यपद या तिन्ही स्पर्धांची सुवर्णपदकं तिच्याकडे आहेत.

पण ५८ गोल हा तिच्या मोठेपणाचा लहान भाग आहे. तिचं मुख्य काम दुसरंच होतं, आणि ते कळण्यासाठी आधी मधली फळी म्हणजे काय ते समजून घ्यावं लागेल.

फुटबॉलच्या संघात अकरा खेळाडू असतात. गोलरक्षक एक. त्याच्या पुढे बचाव फळी, समोरच्या टोकाला आघाडीची फळी आणि या दोघींच्या मध्ये मधली फळी. बचाव फळीने हिसकावून घेतलेला चेंडू आघाडीपर्यंत पोहोचवायचा, समोरच्या संघाचा हल्ला वाटेतच अडवायचा आणि खेळ कधी वेगाने न्यायचा, कधी संथ करायचा हे ठरवायचं, हे सगळं या फळीचं काम. आघाडीचा खेळाडू सामनाभर गप्प राहून एक गोल करून गेला तरी दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो छापून येतो. मधल्या फळीतल्या खेळाडूला ती सोय नाही. त्याला सगळा वेळ पळावं लागतं आणि पळता पळता मान वळवून सगळीकडे पाहावं लागतं.

तुम्ही खो-खो खेळता, म्हणून एक ओळखीचं उदाहरण घेऊ. पाठलाग करणारा खेळाडू मधली पट्टी ओलांडू शकत नाही, आणि एकदा दिशा धरली की मागे फिरू शकत नाही. पळणारा पट्टीच्या पलीकडे निसटला की पाठलाग करणाऱ्याचे हात बांधले जातात. मग तो काय करतो? पलीकडे तोंड करून बसलेल्या गड्याला पाठीमागून खो देतो. हा खो एक क्षण लवकर दिला तर पळणारा सावध होतो, उशिरा दिला तर तो दूर गेलेला असतो. गडी बाद झाला की टाळ्या बाद करणाऱ्याला मिळतात. पण ज्यांना खेळ कळतो, ते विचारतात, "खो कुणी दिला?" फुटबॉलमधला पास म्हणजे असाच खो. फरक इतकाच, की खो-खोत ज्याला खो द्यायचा तो जागेवर बसलेला असतो. फुटबॉलमध्ये तो पळत असतो, आणि चेंडू तो आहे तिथे द्यायचा नसतो, तो दोन क्षणांनी जिथे असेल तिथे द्यायचा असतो.

आपल्या नौबादच्या करेजची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. बहमनी काळात जमिनीच्या पोटातून खोदलेला हा पाण्याचा मार्ग सुमारे तीन किलोमीटर लांब आहे. वरून दिसतात ती फक्त ठरावीक अंतरावरची विहिरीसारखी तोंडं. पाणी खालून वाहतं, आणि उतार इतका बेताचा ठेवला आहे की ते थांबतही नाही आणि धावत सुटून माती कापतही नाही. मधल्या फळीचं काम शिकवताना मला ही करेज नेहमी आठवते. असो, आपण नॉर्वेकडे वळू.

नॉर्वे हा युरोपच्या उत्तर टोकाचा देश. हिवाळा लांब, मैदानं कित्येक महिने बर्फाखाली. १९९५ साली त्या देशाची लोकसंख्या त्रेचाळीस लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या बीदर जिल्ह्याची लोकसंख्या सतरा लाखांवर भरली. म्हणजे अडीच बीदर जिल्हे एकत्र केले की त्या वेळचा नॉर्वे झाला. एवढ्याशा देशाने मुलींच्या फुटबॉलमध्ये जग जिंकलं. हे आपोआप घडलं नाही. त्यामागे हेगेच्या आधीच्या पिढीतल्या बायकांचं भांडण होतं.

विसाव्या शतकात बऱ्याच देशांनी मुलींना फुटबॉलपासून दूर ठेवलं. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये आपल्या क्लबांना सांगितलं, की तुमची मैदानं बायकांच्या सामन्यांना देऊ नका. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. जर्मनीच्या संघटनेने १९५५ ते १९७० अशी बंदी ठेवली. ब्राझीलसारख्या फुटबॉलवेड्या देशात तर १९४१ पासून १९७९ पर्यंत कायद्यानेच मनाई होती. कारण सगळीकडे एकच सांगितलं जायचं, की हा खेळ बायकांच्या शरीराला मानवत नाही. शेतात दिवसभर वाकून खुरपणी करणाऱ्या बाईच्या शरीराची काळजी मात्र यातल्या कुणाला कधी वाटली नाही.

नॉर्वेतही सुरुवातीला संघटनेला मुलींचा फुटबॉल नको होता. एलेन विले नावाच्या कार्यकर्तीने आणि तिच्या सोबतिणींनी पाठपुरावा केला, तेव्हा सत्तरच्या दशकाच्या मध्याला संघटनेने तो आपल्या कामात घेतला. १९७८ मध्ये नॉर्वेचा महिला संघ पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि स्वीडनकडून १-२ असा हरला. पुढे १९८६ मध्ये फिफाची, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेची परिषद मेक्सिको शहरात भरली. एलेन विले उंचीने ठेंगणी. सभागृह पुरुष प्रतिनिधींनी भरलेलं. तिथे उभं राहून तिने सरळ विचारणा केली, की तुमच्या अहवालात महिला फुटबॉलला जागा का नाही? महिलांना त्यांचा विश्वचषक मिळाला पाहिजे आणि ऑलिंपिकमध्येही प्रवेश मिळाला पाहिजे. फिफाचे अध्यक्ष जोआओ हावेलांज यांनी ते मान्य केलं. १९८८ मध्ये चीनमध्ये एक चाचणी स्पर्धा झाली. ती नॉर्वेने जिंकली. १९९१ मध्ये पहिला विश्वचषक झाला आणि १९९६ मध्ये महिला फुटबॉल ऑलिंपिकमध्ये आला. विलेबाईंनी मागितलेल्या दोन्ही गोष्टी दहा वर्षांत मिळाल्या.

हे सगळं सुरू होतं तेव्हा हेगे लहान होती. तिचा जन्म १८ जुलै १९६९ रोजी ओस्लो या राजधानीजवळच्या लोरेन्स्कोग इथे झाला. नॉर्वेच्या मुलींनी पहिला अधिकृत सामना खेळला तेव्हा ती नऊ वर्षांची व्हायची होती. म्हणजे ती मोठी होत गेली तशी तिच्यापुढची वाटही तयार होत गेली. तरुणपणी ती सेट्स्कोग या छोट्या गावाच्या क्लबकडून खेळली. १९९० मध्ये, एकविसाव्या वर्षाच्या आसपास, तिला देशाच्या संघात जागा मिळाली, आणि २००४ पर्यंत ती तिथेच राहिली.

१९९१ चा पहिला विश्वचषक चीनमध्ये झाला. गंमत म्हणजे स्पर्धेला सरळ 'विश्वचषक' म्हणायलाही फिफा तेव्हा कचरत होती, आणि सामने नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचे ठेवले होते. नॉर्वेची सुरुवात वाईट झाली. पहिल्याच सामन्यात चीनने त्यांचा ४-० असा धुव्वा उडवला. असा मार खाल्ल्यावर बरेच संघ उरलेली स्पर्धा नुसती उरकतात. नॉर्वेने मात्र न्यूझीलंड आणि डेन्मार्क यांना हरवून गट पार केला, जादा वेळेत इटलीला आणि उपांत्य सामन्यात स्वीडनला ४-१ असं हरवून अंतिम फेरी गाठली. तिथे अमेरिकेने २-१ अशी बाजी मारली. निर्णायक गोल शेवटच्या दोन-तीन मिनिटांत झाला. बावीस वर्षांच्या हेगेच्या हाती उपविजेतेपद आलं.

दोन वर्षांनी, १९९३ मध्ये, इटलीतल्या चेसेना शहरात यजमान इटलीलाच १-० असं हरवून नॉर्वे युरोपचा विजेता झाला. तिच्या तीन मोठ्या सुवर्णपदकांतलं हे पहिलं.

आणि मग १९९५. हे वर्ष जरा निवांत पाहण्यासारखं आहे.

दुसरा विश्वचषक शेजारच्या स्वीडनमध्ये होता. एव्हन पेलेरुड हे प्रशिक्षक. त्यांची पद्धत साधी होती. चेंडू हाती आला की वेळ न घालवता लांबवर पुढे द्यायचा आणि तिथे ताकदीने तुटून पडायचं. नाजूक खेळ आवडणाऱ्यांनी या पद्धतीला नावं ठेवली. पण लांब चेंडू म्हणजे आंधळा चेंडू नव्हे. तो कुणी, केव्हा आणि कुठे टाकायचा हे पाहणारं कुणीतरी मध्ये लागतंच, आणि ते काम मुख्यतः हेगेकडे होतं. निकाल पाहा. नायजेरियावर ८-०, इंग्लंडवर २-०, कॅनडावर ७-०, उपांत्यपूर्व फेरीत डेन्मार्कवर ३-१. उपांत्य फेरीत पुन्हा समोर अमेरिका. चार वर्षांपूर्वीचा हिशेब बाकी होता. आन क्रिस्टिन ओरोनेस या उंच खेळाडूने डोक्याने मारलेल्या एकमेव गोलावर नॉर्वे जिंकला. सामना संपल्यावर नॉर्वेच्या मुली गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत, एकमेकींचे पाय धरून मैदानावर आगगाडी करून फिरल्या. अमेरिकन खेळाडूंना ही आगगाडी पुढे बरीच वर्षं झोंबत राहिली असं म्हणतात. जिंकलेल्यांनी थोडं आवरतं घ्यायला हवं होतं का, हा तुमच्यासाठी चर्चेचा विषय.

अंतिम सामना १८ जून १९९५ रोजी स्टॉकहोमजवळ सोलना इथल्या रोसुंडा मैदानावर, भर पावसात झाला. समोर जर्मनी. पहिली छत्तीस मिनिटं कोणाचाही गोल नाही. सदतिसाव्या मिनिटाला हेगेला चेंडू मिळाला. एरवी दुसऱ्याला देणाऱ्या या मुलीने तो या वेळी दिला नाही. ती स्वतःच चेंडू घेऊन बचाव फळीतून पुढे घुसली आणि तिने गोल केला. तीनच मिनिटांनी मारियाना पेटरसनने दुसरा गोल केला. सामना २-० असा संपला. सहा सामन्यांत नॉर्वेने २३ गोल केले आणि फक्त एकच खाल्ला.

स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे सहा गोल ओरोनेसने केले. हेगेचे पाच होते. तरीही स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा सोनेरी चेंडू हेगेला मिळाला. आपल्याकडे 'सर्वोत्तम' म्हणजे 'सर्वांत जास्त गुण' असं समीकरण फार घट्ट बसलेलं आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. निवड करणाऱ्यांनी गोलांच्या पलीकडचा खेळ मोजला.

पुढच्याच वर्षी अटलांटा ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच महिला फुटबॉल खेळला गेला. उपांत्य सामन्यात पुन्हा अमेरिका समोर. नव्वद मिनिटांनंतर १-१ अशी बरोबरी. त्या काळी सुवर्णगोलाचा नियम होता. जादा वेळेत ज्याचा पहिला गोल होईल तो जिंकला, सामना तिथेच बंद. हा गोल अमेरिकेने केला. नॉर्वेने ब्राझीलला हरवून कांस्यपदक घेतलं. १९९९ च्या विश्वचषकात तर त्यांची घसरगुंडीच झाली. उपांत्य फेरीत चीनने ५-० असं लोळवलं आणि तिसऱ्या क्रमांकाचा सामनाही पेनल्टींवर गेला.

तिशी ओलांडलेल्या खेळाडूबद्दल लोक 'आता संपली' म्हणायला लागतात. २००० च्या सिडनी ऑलिंपिकला हेगे एकतीस वर्षांची होती. नॉर्वे पहिलाच सामना अमेरिकेकडून ०-२ असा हरला. मग नायजेरिया आणि चीन यांना हरवून उपांत्य फेरी, तिथे जर्मनीवर १-० असा निसटता विजय, आणि २८ सप्टेंबर २००० रोजी अंतिम सामन्यात पुन्हा तीच अमेरिका. अमेरिकेने पाचव्याच मिनिटाला गोल केला. मध्यंतराच्या तोंडावर नॉर्वेच्या ग्रू एस्पेसेटने बरोबरी साधली. ७८ व्या मिनिटाला राग्नहिल्ड गुलब्रान्सनने नॉर्वेला पुढे नेलं. आता सुवर्णपदक हातात आलं असं वाटत असतानाच नव्वद मिनिटांनंतर मिळालेल्या वाढीव वेळेत अमेरिकेने गोल करून २-२ केलं. पुन्हा जादा वेळ, पुन्हा सुवर्णगोल. चार वर्षांपूर्वी याच नियमाने, याच संघाने त्यांचं पदक हिरावलं होतं. १०२ व्या मिनिटाला डॅग्नी मेल्ग्रेनने गोल केला आणि सामना संपला. चेंडू आधी मेल्ग्रेनच्या हाताला लागला होता अशी अमेरिकेच्या बाजूने तक्रार झाली, पण पंचांनी गोल दिला. अशा रीतीने विश्वचषक, ऑलिंपिक आणि युरोप या तिन्हींचं सुवर्ण मिळवणाऱ्या नॉर्वेच्या तीन खेळाडूंत हेगे मोजली जाते. दुसऱ्या दोघी म्हणजे ग्रू एस्पेसेट आणि गोलरक्षक बेन्टे नॉर्डबी.

क्लबसाठी ती जगभर फिरली. १९९५ नंतर ती जपानमध्ये निक्को सिक्युरिटीज या वित्तसंस्थेच्या संघाकडून खेळली. कंपन्यांनी आपले संघ ठेवायचे ही जपानची पद्धत. आपल्याकडे रेल्वे आणि पोलीस दलाचे संघ असतात, तसंच काहीसं. २००१ मध्ये अमेरिकेत महिलांची पहिली पूर्ण व्यावसायिक लीग सुरू झाली. तिथल्या कॅरोलिना करेज या संघात ती गेली आणि २००२ मध्ये त्या संघाने विजेतेपद मिळवलं. (संघाच्या नावातल्या 'करेज'चा अर्थ धैर्य. आपल्या जमिनीखालच्या करेजशी त्याचा संबंध नाही!) या संघात तिच्यासोबत होती बिर्गिट प्रिंझ, म्हणजे १९९५ च्या अंतिम सामन्यात समोरच्या जर्मन संघातून खेळलेली मुलगी. २००३ मध्ये पैशांअभावी ती लीग बंद पडली. २००६ मध्ये हेगेने खेळणं थांबवलं. त्यानंतर ती प्रशिक्षक झाली. २०२१ मध्ये तिने काही महिने इंग्लंडचा संघ सांभाळला, त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या महिला संघाला तिने शिकवलं, आणि २०२२-२३ मध्ये ती नॉर्वेची मुख्य प्रशिक्षक होती. प्रशिक्षक म्हणून तिला खेळाडूएवढं यश आलं नाही. २०२३ च्या विश्वचषकात नॉर्वे सलामीलाच न्यूझीलंडकडून हरला आणि जपानने त्यांना बाहेर काढलं. स्वतः करून दाखवणं आणि दुसऱ्याकडून करून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे शिक्षक म्हणून मी खात्रीने सांगू शकतो.

आता थोडं गणित. १९९० ते २००४ या चौदा वर्षांत १८८ सामने. भागाकार केला तर वर्षाला तेरा सामने पडतात. म्हणजे सरासरीने दर महिन्याला एक सामना देशासाठी, क्लबचे वेगळे. ५८ गोल म्हणजे साधारण सव्वातीन सामन्यांना एक. मधल्या फळीसाठी हा आकडा उत्तमच आहे. पण मला यातला तेरा हा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो का, हे कळण्यासाठी आपल्या देशाकडे पाहावं लागेल.

भारतात महिला फुटबॉल महासंघ १९७५ मध्ये स्थापन झाला. त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. म्हणजे आपण आणि नॉर्वेने जवळजवळ एकाच वेळी सुरुवात केली. इतकंच नव्हे, सुरुवातीला आपली चाल चांगली होती. जानेवारी १९८० मध्ये केरळातल्या कालिकतला आशियाई स्पर्धा झाली, तिथे भारताने दोन संघ उतरवले आणि त्यांपैकी एक उपविजेता ठरला. १९८१ मध्ये हाँगकाँगला तिसरा क्रमांक आणि १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेतेपद मिळालं. बंगालच्या शांती मल्लिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. महिला फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिला अर्जुन. गोव्याच्या योलांडा डिसोझा याही त्याच पिढीच्या. त्या हॉकीही खेळायच्या. नॉर्वेची मुलं तेव्हा नुकती रांगायला लागली होती असं म्हटलं तरी चालेल.

मग आपण कुठे राहिलो? मुली कमी पडल्या असं मला वाटत नाही. हा महासंघ पुरुषांच्या संघटनेपासून वेगळा होता. त्याच्यामागे पैसा नव्हता, आणि देशाच्या मुख्य फुटबॉल संघटनेने नव्वदच्या दशकात हा खेळ हाती घेतल्यावरही तो बराच काळ सावत्र राहिला. २००९ मध्ये भारतीय महिला संघाचं नाव फिफाच्या क्रमवारीतून काढून टाकण्यात आलं. कारण हरणं नव्हतं. अठरा महिन्यांहून अधिक काळ संघ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. तिकडे वर्षाला तेरा सामने, इकडे दीड वर्षात शून्य. पोहायला शिकायचं असेल तर पाण्यात उतरावं लागतं, आणि आपण विहिरीला कुलूप घातलं होतं.

नॉर्वेतही सगळं गोड होतं असं नाही. तिथल्या महिला संघाला पुरुषांच्या संघाएवढं मानधन मिळायला २०१७ साल उजाडलं. म्हणजे मुलींनी विश्वचषक जिंकल्यावर बावीस वर्षांनी, आणि पुरुषांनी एकदाही न जिंकता! त्या वेळी पुरुष खेळाडूंनी आपल्या वाट्यातली काही रक्कम सोडली, ही त्यांची चांगली गोष्ट.

आपल्याकडेही अलीकडे कुलूप निघायला लागलं आहे. २०१६-१७ पासून भारतीय महिला लीग सुरू झाली. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई इथे झाला. आपल्या मुली तिन्ही सामने हरल्या, अमेरिकेकडून तर ०-८, पण त्या मैदानात उतरल्या. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधल्या चिआंग माई इथे भारताने यजमानांना २-१ असं हरवून २०२६ च्या आशिया चषकात जागा मिळवली. पात्रता स्पर्धा जिंकून असा प्रवेश मिळवण्याची ही आपली पहिलीच वेळ. दोन्ही गोल संगीता बासफोर हिने केले. ती बंगालची, आणि खेळते मधल्या फळीतच. आपल्या खो-खोतही जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, तिथे महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात आपल्या कर्नाटकातली, म्हैसूर जिल्ह्यातली चैत्राही होती.

हे लिहिताना डोळ्यांपुढे आपल्याच भागातल्या मुली आहेत. सहावी-सातवीत तालुक्याच्या स्पर्धेत थ्रोबॉल, खो-खो, कबड्डी सगळीकडे मुली भरपूर दिसतात. आठवीत निम्म्या उरतात. नववी-दहावीत संघ पुरा करताना नाकीनऊ येतात. "आता मोठी झाली", "अभ्यासाचं वर्ष आहे", "संध्याकाळी यायला उशीर होतो", ही कारणं घरोघरी ऐकू येतात. त्यातलं उशिराचं कारण खरं आहे. त्यावर सामना शाळेच्या वेळेत संपवणं, मुलींना गटाने घरी पोहोचवणं असे उपाय काढता येतात. अभ्यासाचं कारण मला पटत नाही, कारण त्याच घरातला नववीतला मुलगा त्याच संध्याकाळी मैदानावर असतो. पालकांनी हा अंक वाचला तर या ओळीपाशी जरा थांबावं, ही विनंती. हेगे रीसेला देशाचा संघ मिळाला तो विशीनंतर. चौदाव्या वर्षी घरच्यांनी तिला आत बोलावून घेतलं असतं तर सोनेरी चेंडू दुसऱ्या कुणाच्या हाती गेला असता.

आता पुस्तक मिटून मैदानावर चला. एक साधा खेळ देतो. चार जणींनी मिळून खेळायचा, मुलग्यांनीही खेळावा. तिघींनी साधारण दहा-दहा पावलांवर त्रिकोणात उभं राहायचं आणि चौथीने मध्ये. तिघींनी एकमेकींना चेंडू पायाने द्यायचा, मधलीने तो अडवायचा. चेंडू पायाशी आला की दोन स्पर्शांतच पुढे गेला पाहिजे, एक थांबवायला आणि एक द्यायला. जिचा चेंडू अडवला गेला ती मध्ये जाईल. पाच मिनिटं खेळल्यावर नियम वाढवा. चेंडू दिल्यावर जागेवर उभं राहायचं नाही, लगेच दुसऱ्या मोकळ्या जागी जायचं. इथेच खरी मजा सुरू होते, कारण आता चेंडू 'ती आहे तिथे' देऊन चालत नाही. आणखी एक करा. एका मैत्रिणीला बाहेर वही घेऊन बसवा. तिने कुणी किती चेंडू बरोबर दिले एवढंच मोजायचं.

वर्गात करण्यासाठी काही प्रश्न. १९९५ च्या विश्वचषकात नॉर्वेचे सहा सामन्यांत २३ गोल झाले, तर सरासरी काढा, आणि पहिले तीन सामने वगळले तर ती किती उरते ते पाहून फरकाचं कारण सांगा. जगाच्या नकाशावर ओस्लो, ग्वांगझू (१९९१ चा अंतिम सामना इथे झाला), स्टॉकहोम, अटलांटा आणि सिडनी शोधा. आपल्या गल्लीतली किंवा नात्यातली एखादी आजी, मावशी, काकू शाळेत असताना कोणता खेळ खेळायची आणि तो तिने कोणत्या वर्षी, कशामुळे सोडला, हे तिला विचारून दहा ओळी लिहून आणा. कन्नडमधून सांगितलं तर कन्नडमध्येच लिहा, आपण वर्गात मराठीत करू.